सही त्यांची होती

देवरे मॅडम गेल्याचा फोन आला तेव्हा दुपारचे साडेबारा वाजले होते आणि माझ्यासमोर बोलताना अडखळणारे एक बँकेतले गृहस्थ बसले होते. फोन मॅडमच्या भाच्याचा होता. "आत्या गेली. सकाळी झोपेतच. चार वाजता नेणार आहोत," एवढंच तो बोलला. मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि त्या गृहस्थांचा उरलेला पाव तास पूर्ण केला. कुणाला हा कोरडेपणा वाटेल. पण पेशंटची वेळ ती पेशंटची, ही सवय मॅडमनीच आम्हाला लावली होती आणि ती त्या दिवशीही सुटली नाही. मग मी दार लावून घेतलं, थोडा वेळ बसले, आणि रिक्षा करून नाशिकरोडला मॅडमच्या घरी गेले. तिथे फार माणसं नव्हती. सटाण्याकडून त्यांचे भाऊ आले होते, शेजारचे दोघे-तिघे होते, आमच्या केंद्रातले आम्ही पाचजण होतो. त्याला आता सहा आठवडे झाले. त्यांच्याविषयी लिहा, असं पुरवणीच्या संपादकांनी सांगितलं तेव्हा मी आधी नाही म्हटलं होतं. का म्हटलं होतं, ते पुढे येईलच.

कमल देवरे हे नाव वाचकांपैकी बहुतेकांनी ऐकलेलं नसेल. त्या वाचा-उपचारतज्ज्ञ होत्या, म्हणजे ज्याला आता सगळे स्पीच थेरपिस्ट म्हणतात ते. उशिरा बोलणारी मुलं, कमी ऐकू येणारी मुलं, पक्षाघातानंतर वाचा गेलेली माणसं, अशांना बोलतं करायचं हे आमचं काम. नाशिकमधल्या एका संस्थेच्या केंद्रात त्या हे काम करायच्या आणि आमच्यासारख्यांना शिकवायच्याही. सटाण्याजवळच्या एका शेतकरी घरातल्या. त्या घरातून शिकायला मुंबईला गेलेल्या पहिल्याच. मुंबईहून परत आल्या त्या इतकं स्वच्छ मराठी घेऊन की त्यांचं गाव कुठलं हे कुणाला ओळखता येत नसे. फक्त भावाचा फोन आला की पाठ वळवून, हळू आवाजात, "कसा शे भाऊ?" असं काहीतरी ऐकू यायचं आणि फोन ठेवताच पुन्हा ते मुंबईचं मराठी सुरू व्हायचं.

त्या प्रेमळ होत्या असं मी लिहिणार नाही. त्या कुणाचे वाढदिवस लक्षात ठेवत नसत, डबा एकट्या खात, आणि त्यांनी कुणाचं तोंडावर कौतुक केल्याचं मला तरी आठवत नाही. शिकवणंही रंगतदार नव्हतं. फळ्यावर मुद्दे लिहायच्या, ते वाचायच्या, अक्षर वाईट. पण पेशंटसमोर बसल्या की त्यांचं लक्ष जराही हलत नसे. त्यांच्या हाताखाली मी आधी विद्यार्थिनी होते आणि नंतर साहाय्यक. कॉलेज रोडच्या घरात वाढलेली मी, घरात पुस्तकं, बोलणं पुस्तकासारखं. चाचण्या मला छान यायच्या. मार्क देणं, बेरीज करणं, वयाशी ताडून बघणं... यात मी वर्गात पहिली होते आणि मला ते ठाऊक होतं.

नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. मखमलाबादच्या पुढे द्राक्षबागांवर कामाला दरवर्षी पेठ-सुरगाण्याकडची माणसं येतात. त्यातलंच एक काशिनाथ भोये यांचं कुटुंब बागमालकाच्या खोलीत राहिलं होतं आणि त्यांची मुलगी यमुना जवळच्या शाळेत पहिलीत घातली होती. वय सहा. चार महिने झाले तरी ती वर्गात एक शब्द बोलली नाही म्हणून गुरुजींनी चिठ्ठी देऊन आमच्याकडे पाठवली. मॅडमकडे त्या दिवशी गर्दी होती, त्यांनी केस माझ्याकडे दिली.

मी यमुनाला चित्रांचं पुस्तक दाखवलं. त्यात सोफा होता, फ्रिज होता, वाढदिवसाचा केक होता, टूथब्रश होता. ती खाली बघत राहिली. एका चित्रात म्हातारी बाई होती. बराच वेळ विचारल्यावर ती "डोसी" म्हणाली. मी कागदावर 'आजी' या शब्दापुढे फुली मारली. मुलीचं चित्र दाखवलं तर "पोसी" म्हणाली. तिथेही फुली. शेरा लिहिला, 'उच्चार अस्पष्ट, शब्द निरर्थक.' आणखी एक शेरा लिहिला, 'नजरेला नजर देत नाही.' मग तिच्या वडिलांना आत बोलावून विचारलं, "घरी बोलते का?" ते दाराशीच उभे राहिले होते. म्हणाले, "घरी लय बोलत." मी बसा म्हटलं नाही. त्यांचं उत्तर ऐकून मी जे लिहिलं ते मला आजही जसंच्या तसं पाठ आहे... 'पालकांना समस्येची जाणीव नाही.'

बेरीज केली, रिपोर्ट तयार केला. भाषेची वाढ तीन वर्षं मागे, बुद्धीही मंद असण्याची शक्यता. मी कनिष्ठ असल्यामुळे रिपोर्टवर सही मॅडमची लागायची. संध्याकाळी सातआठ रिपोर्ट त्यांच्या टेबलावर होते. त्यांनी आकडे बघितले, माझ्याकडे बघितलं, सही केली. माझ्या आकड्यांवर त्यांचा विश्वास होता.

तो रिपोर्ट शाळेत गेला आणि शाळेने पुढची सगळी कामं फार चटकन केली. यमुनाला मतिमंद मुलांच्या निवासी शाळेत घातलं. तेव्हा अशा शाळांच्या पाटीवर हाच शब्द असायचा. काशिनाथनी कुठल्या तरी कागदावर अंगठा दिला. सरकारी खर्चाने मुलगी राहील, जेवेल, शिकेल, असं त्यांना सांगण्यात आलं आणि त्यात खोटं काही नव्हतं. बागेचा हंगाम संपल्यावर ते गावी परतले. मी ती केस विसरले.

दोन वर्षं व्हायला आली होती. त्या निवासी शाळेतल्या मुलांचे कान तपासायला मॅडम वर्षातून एकदा जायच्या. त्या वर्षी तपासणी आटोपल्यावर पाणी प्यायला म्हणून त्या स्वयंपाकघराकडे गेल्या, तर एक मुलगी स्वयंपाकीणबाईंच्या शेजारी तांदूळ निवडत बसली होती आणि बोलत होती. एकसारखी, न थांबता, हातवारे करत काहीतरी सांगत होती. बाई पेठकडच्या, नुकत्याच कामाला लागलेल्या. मॅडमनी त्यांना विचारलं, "ही बोलते?"

"बोलती का?" बाई म्हणाल्या. "सकाळधरनं कान खाल्लेत माझं. तिच्या आजीच्या कोंबडीचं सांगतीय."

मॅडमनी शाळेच्या कार्यालयातून फाइल मागवली. फाइलमध्ये त्यांना स्वतःची सही दिसली. मग त्या तिथेच जमिनीवर त्या बाईंसमोर बसल्या आणि माझ्या कागदावरचा एकेक शब्द त्यांनी विचारला. डोसी म्हणजे? म्हातारी. पोसी म्हणजे? पोरगी. यमुनाच्या घरची बोली कोकणी होती, पेठ-सुरगाण्याच्या डोंगरातली, समुद्राकाठच्या कोकणीशी तिचा संबंध नाही. आणि तिची उत्तरं बरोबर होती.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी फाइल माझ्यासमोर ठेवली. त्या रागावल्या नाहीत. झालेलं सगळं सांगितलं, कुणाला एखादा पेशंट समजावून द्यावा तसं. मग म्हणाल्या, "माझ्या भागातली मुलं आली की मी चाचणी घेणाऱ्यांना सांगते, 'आहे'ला 'शे' म्हणाली तर चूक धरू नका. मला वाटायचं, मला गावाकडचं कळतं. मला फक्त माझ्या गावाचं कळत होतं." थोड्या वेळाने म्हणाल्या, "रविवारी पेठला जायचंय. तू चल."

रविवारी सकाळी आम्ही पेठच्या एसटीत बसलो. करंजाळीला उतरून तासभर चालत गेल्यावर भोयांचा पाडा आला. काशिनाथ आणि त्यांची बायको दोघंही घरी होते. त्यांनी गोधडी पसरली, पाणी दिलं. मॅडमनी काही आडवळण घेतलं नाही. म्हणाल्या, "तुमची मुलगी मतिमंद नाही. चांगली हुशार आहे. आमची तपासणी चुकली. तिला तिथे ठेवायला नको होतं."

 काशिनाथ म्हणाले, "मी त बोललो व्हतो... घरी बोलत म्हनून."

"हो. तुम्ही सांगितलं होतं."

यमुनाच्या आईने विचारलं, "मंग दोन वर्सं तिथं काय शिकली ती?"

"शाळेतलं काही नाही," मॅडम म्हणाल्या.

"चुकलं कोनाचं?" काशिनाथनी विचारलं. आवाजात राग नव्हता. एखाद्या व्यवहाराची माहिती विचारावी तसं त्यांनी विचारलं.

"माझं. कागदावर सही माझी आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला त्यांनी ओळखलं की नाही, मला कळलं नाही. "आन ह्या बाई?"

"ह्या माझ्याबरोबर आल्यात," मॅडम म्हणाल्या.

मी काही बोलले नाही. बोलायला जागा होती, वेळ होता, समोर ज्यांना सांगायचं ती माणसं होती. मी पाण्याचा तांब्या हातात धरून बसून राहिले. परतीच्या एसटीत करंजाळी बरीच मागे पडल्यावर मी म्हटलं, "मॅडम, चाचणी मी घेतली होती." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. म्हणाल्या, "मला माहीत आहे. पण चाचणी घ्यायला तुला शिकवलं कोणी?" आणि नाशिक यायच्या थोडं आधी म्हणाल्या, "तुला अजून तीस वर्षं काम करायचंय. मला दहा-बारा." हे त्या माझ्यावरच्या मायेने बोलल्या असं मला तेव्हा वाटलं होतं. आता तसं वाटत नाही. हिशेब त्यांना असाच दिसत होता आणि त्यांनी तो तसाच मांडला. मला मात्र सुटल्यासारखं वाटलं, हे मला आठवतं.

त्यांनी संस्थेला पत्र दिलं. त्यात रिपोर्ट चुकीचा असल्याचं आणि जबाबदारी स्वतःची असल्याचं लिहिलं होतं. अध्यक्षांनी त्यांना बोलावून चहा पाजला. "मॅडम, चुका कुणाच्या होत नाहीत? पण त्या कागदावर कशाला आणायच्या?" असं ते म्हणाले. "रिपोर्ट कागदावरच आहे," मॅडम म्हणाल्या. पत्र मागे घेतलं नाही. त्या पत्राशिवाय यमुनाच्या नावापुढचा शिक्का निघत नव्हता, हे त्यांनी आधीच चौकशी करून ठेवलं होतं. शिक्का निघायला सात महिने लागले. यमुना गावाजवळच्या आश्रमशाळेत पहिलीत बसली, वयाला नववं वर्ष लागलेलं असताना. इकडे मॅडमचं विभागप्रमुखपद काढून बाहेरच्या एकांना दिलं गेलं. ते तीन वर्षांनी सोडून गेले आणि ते पद माझ्याकडे आलं. माझी पात्रता होती, हे खरं. पण मॅडम त्या पदावर असत्या तर ते रिकामं झालंच नसतं, हेही खरं.

पद गेलं तरी शिकवणं राहिलं होतं, आणि ते त्यांनी मुळापासून बदललं. नव्या विद्यार्थ्यांनी पहिला महिना चित्रांच्या पुस्तकाला हात लावायचा नाही. व्हरांड्यात नातेवाइकांच्यात बसायचं, गप्पा मारायच्या, ऐकायचं. पेशंट ज्या एसटीने येतो तिने त्याच्या गावापर्यंत एकदा तरी जाऊन यायचं. कुणाला त्या येवल्याला पैठणीच्या मागांवर पाठवायच्या, कुणाला एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या वसाहतीत, जिथे एका चाळीत चार प्रांतांची माणसं राहायची. वस्तूंची नावं, नात्यांची नावं, मोठ्यांसमोर मुलांनी बोलायचं की नाही बोलायचं, हे सगळं वहीत उतरवून आणायचं. केस पेपरवर त्यांनी वरतीच एक जागा आखून घेतली, घरच्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत लिहायला. कुणी तिथे 'पालकांच्या मते' असं सुरू केलं की त्या तेवढं खोडायच्या. "त्यांचं मत नको मला. ते काय म्हणाले, ते लिही."

यात गमतीही व्हायच्या. पुण्याचा एक विद्यार्थी सटाण्याच्या एसटीत कंडक्टरच्या शेजारी बसून मोठ्या उत्साहाने अहिराणी शब्द लिहून घेऊन आला. मॅडमनी वही वाचली, चेहरा जराही न बदलता तीन शब्दांखाली रेघ मारली आणि म्हणाल्या, "हे तीन पेशंटच्या आईसमोर म्हणू नकोस." मग त्या तिन्हींचे अर्थ त्यांनी वर्गात सांगितले आणि नेहमीचे शब्द कुठले ते अहिराणीत बोलून दाखवले. त्यांना भर वर्गात अहिराणी बोलताना आम्ही तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. नंतर भावाच्या फोनला त्यांनी पाठ वळवणंही सोडलं.

पण या सगळ्यामुळे पुढे चुका झाल्या नाहीत असं नाही. मालेगावकडचं एक मूल आलं होतं, घरी उर्दू बोलणारं. आई सांगत होती की हा हाक मारली तरी बघत नाही. मॅडमच्या शिकवणीने भारलेल्या एका विद्यार्थिनीने लिहिलं की दोष काही नाही, भाषा वेगळी आहे एवढंच. आठ महिन्यांनी कळलं की मुलाला ऐकूच कमी येत होतं.  तिसऱ्या दिवशी मॅडम वर्गात म्हणाल्या, "वेगळेपणाला दोष म्हणायचं नाही, हे मी तुम्हाला शिकवलं. दोषाला वेगळेपणा म्हणूनही चालणार नाही, हे शिकवायचं राहिलं. आई सांगत होती. आपण पुन्हा ऐकलं नाही." या वेळी चाचणी त्यांच्या नजरेखालून गेलीच नव्हती, तरी 'आपण' म्हणाल्या.

दरवर्षी नव्या तुकडीच्या पहिल्या तासाला त्या यमुनाची गोष्ट सांगायच्या. निवृत्तीनंतरही त्या एका तासापुरत्या यायच्या. रिपोर्टची प्रत सगळ्यांच्या हातातून फिरवायच्या. वरची चाचणी घेणाऱ्याच्या नावाची ओळ त्यांनी प्रत काढतानाच झाकलेली असायची. "ही मी केलेली चूक," अशी त्या सुरुवात करायच्या. विभागप्रमुख म्हणून मी मागच्या बाकावर बसलेली असायचे. अशी नऊ-दहा वर्षं गेली. प्रत्येक वर्षी पुढच्या वर्षी बोलू, असं मी ठरवायचे.

शेवटची भेट त्यांच्या घरी झाली, त्या जाण्याआधी महिनाभर. दम लागत होता, बोलताना मध्ये थांबावं लागत होतं. केंद्रातलं काय काय चाललंय ते त्यांनी विचारलं आणि म्हणाल्या, "यंदा पहिला तास तू घे. मला तुमचे जिने चढवत नाहीत."

मी म्हटलं, "ती गोष्ट मी कशी सांगू?"

"झाली तशी सांग."

त्या गेल्यावर मी या वाक्याचा बराच विचार केला. तास जूनमध्ये आहे. पण वर्गात सांगण्याआधी जिला सांगायला हवं होतं तिला मी कधीच सांगितलं नव्हतं. म्हणून गेल्या रविवारी मी यमुनाकडे गेले. पत्ता काशिनाथनी दिला. यमुना आता दिंडोरीच्या अलीकडे एका बागेवर नवऱ्याबरोबर राहते. नववीपर्यंत शिकली. नववीला नापास झाली तेव्हा वर्गातल्या मुली तिच्याहून दोन वर्षांनी लहान होत्या, आणि पुन्हा त्याच वर्गात बसायला ती तयार झाली नाही. मग लग्न झालं. तिला एक मुलगी आहे. ती दोन वर्षं वाया गेली नसती तर काय झालं असतं, हे कुणालाच सांगता येणार नाही.

मी तिला मॅडम गेल्याचं सांगितलं. तिला आधीच कळलं होतं. मग मी म्हटलं, "यमुना, लहानपणी तुझी तपासणी झाली होती ना... ती मी घेतली होती. चूक माझी होती."

ती मुलीच्या केसांना तेल लावत होती. हात थांबला नाही. "म्हाईत हाय मला," ती म्हणाली. "तुमीच चित्रं दावली व्हती. तुमच्या हाताला बारीक पट्ट्याचं घड्याळ व्हतं. तुमी सारखं तेच बघत व्हत्या."

तिने तेलाची वाटी जवळ ओढली.

"मी देवरेबाईंनाबी बोलले व्हते," ती म्हणाली. "त्या दरसाल यायच्या, माझ्या लग्नानंतर इथंबी. म्हनायच्या, चूक त्यांची. मी म्हनलं, तुमी नव्हत्या, दुसऱ्या बाई व्हत्या. त्या म्हनल्या, एकच हाय ते."

मॅडम दरवर्षी तिच्याकडे जायच्या हे मला माहीत नव्हतं. केंद्रात कुणालाच माहीत नव्हतं. तिथे जाऊन त्या काय करायच्या, असं मी विचारलं. "काय नाय," यमुना म्हणाली, "बसायच्या. मी बोलायची." मग ती उठून आत गेली, पाणी घेऊन आली, आणि उंबऱ्याच्या आतल्या बाजूला, भिंतीला टेकून बसता येईल अशी एक जागा तिने मला हाताने दाखवली. तिथल्या भिंतीचा रंग पाठीच्या उंचीवर जरा मळलेला होता.

"बाई तिथं बसायच्या," ती म्हणाली.

मी त्या जागेच्या शेजारी बसले.